वैनगंगेकाठी जपानी ढोल

तुमसर रोडला गाडी थांबते आणि खिडकीतून पहिला दिसतो तो काळा दगड. रुळांपलीकडे त्याचे ढीग लागलेत, माणसाच्या दुप्पट उंचीचे. ऑक्टोबरच्या उन्हात ते आत्ताच पाण्यातून काढल्यासारखे चमकतात. लुगड्याचा काचा मारलेल्या बाया डोक्यावर टोपलं घेऊन फळीवरून चढतात, वाघिणीत दगड ओततात आणि रिकामं टोपलं कमरेला लावून उतरतात. दगड लोखंडावर आदळल्याचा आवाज तुमच्या दाढांपर्यंत पोचतो.

साल १९३३. कलकत्त्याहून निघाल्याला दुसरा दिवस. बंगाल-नागपूर रेल्वेचा तिसरा वर्ग, अंगाखाली फळ्या, कपड्यांवर कोळशाची काजळी. गोंदिया मागे गेलं. अजून भंडारा रोड, कामठी, नागपूर, आणि तिथे गाडी बदलून वर्धा. तुम्ही कदाचित याच जिल्ह्यातले असाल, हे सगळे रस्ते तुमच्या पायाखालचे असतील. पण या प्रवासाला एक अट आहे. तो जपानी माणसाच्या डोळ्यांनी पाहायचा. मुक्काम बदलतील, देह बदलतील, पासपोर्ट मात्र जपानचाच राहील.

या मुक्कामावर तुम्ही तेवीस वर्षांचे आहात. घर नागानोच्या डोंगरात. डोक्याचा गोटा, अंगावर भिक्खूचं वस्त्र, मांडीवर हातपंख्याच्या आकाराचा कातडी ढोल आणि त्याची काठी. गाडी हलते. ढीग मागे सरतात आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या उलगडतात. हलका धान पिवळा पडलाय. धुऱ्यावरून एक पोरगं म्हशी हाकतंय, मागे तळ्याची पाळ आणि पाळीवर मोहाची झाडं. तुमच्या घशात काहीतरी अडकतं. तीन आठवडे समुद्र आणि अनोळखी शहरं पाहिल्यावर हे पहिलंच दृश्य तुम्हाला घरचं वाटतंय. बांधी, बांध, गुडघाभर पाण्यात वाढलेलं पीक. तुमची आईसुद्धा आज अशाच शेतात वाकलेली असेल.

समोरच्या बाकावरचा माणूस बराच वेळ तुमच्याकडे पाहतोय. शेवटी त्याला राहवत नाही.

"कोन गावचे जी तुमी?"

शब्द कळत नाहीत, प्रश्न कळतो. तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणता, "जापान."

"जापान!" तो शेजारणीकडे वळतो. "हव का जी! माह्या लेकीचं पोलकं जापानी आहे. सस्त भेटते." मग तो फडक्यातले भाजलेले चणे तुमच्यापुढे करतो. तुम्ही दोन्ही हात जोडून घेता. त्यांच्या मते तुमचा देश म्हणजे एक स्वस्त पोलकं. तेवढ्यावर जागा मिळाली, चणे मिळाले.

तो काळा दगड म्हणजे मँगनीज. डोंगरी बुजुर्ग, चिखला या तुमसर तालुक्यातल्या खाणींचं नाव तेव्हा जगभरच्या पोलादवाल्यांना ठाऊक होतं. वितळलेल्या लोखंडातला गंधक आणि प्राणवायू मँगनीज ओढून घेतं, पोलाद चिवट करतं. त्याशिवाय रूळ होत नाही, नांगराचा चांगला फाळ होत नाही आणि तोफही होत नाही. याच ऑक्टोबरात विशाखापट्टणमच्या नव्या बंदरात पहिलं जहाज लागलं. मध्य प्रांताचं मँगनीज समुद्रापर्यंत जवळच्या वाटेने न्यावं, हे ते बंदर बांधण्याचं एक मोठं कारण होतं. घेणाऱ्या देशांत जपानही होता. म्हणजे त्या बाईच्या टोपलीतला दगड तुमच्या आधीच तुमच्या देशाला निघालाय. तिथे त्याचं काय होईल हे तिला माहीत नाही, आणि तुम्ही विचार करायला घाबरता.

कारण तुमचा थोरला भाऊ मांचुरियात आहे.

तुमच्या गावाने रेशमावर पोट भरलं. भंडाऱ्याच्या कोष्ट्यांना कोसा जसा, तसे तुम्हाला तुतीवरचे किडे. १९२९ च्या मंदीत अमेरिकेने रेशीम घेणं आवरलं आणि भाव कोसळला. पूर्वी अशा वेळी माणसं परदेशी जात. १९०८ साली कोबेहून 'कासातो मारू' जहाज ७८१ जणांना घेऊन ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांकडे निघालं होतं. कॅलिफोर्नियातही हजारो जपानी राबत होते. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या सनदेत वांशिक समतेचं कलम मागितलं. बहुमत बाजूने असूनही अध्यक्षस्थानी बसलेल्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ते बाजूला टाकलं. १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून जपान्यांना दार लावलं. तुमच्या शाळामास्तरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज थरथरला होता. समता मागणाऱ्या जपानने तेव्हा कोरिया जवळजवळ नऊ वर्षं मुठीत ठेवला होता, एवढं मात्र मास्तरांनी सांगितलं नाही.

मग लष्कर पुढे आलं. १८ सप्टेंबर १९३१ ला जपानी सैनिकांनी मुकदेनजवळ आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, चिन्यांवर आळ घेतला आणि मांचुरिया गिळला. पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांची पहिली तुकडी तिकडे निघाली, नांगर आणि बंदुका एकत्र घेऊन. १९३६ मध्ये सरकार वीस वर्षांत दहा लाख कुटुंबं पाठवण्याची योजना आखणार आहे. सगळ्यांत जास्त माणसं तुमच्या नागानोतून जातील. जी जमीन 'ओसाड' म्हणून सांगितली, तिच्यातली पुष्कळशी चिनी शेतकऱ्यांकडून दडपून, नाममात्र पैसे हातावर ठेवून घेतलेली आहे. भावाच्या पत्रात एक ओळ असते, चूल आयती मिळाली. तुम्ही ती ओळ पुन्हा पुन्हा वाचता.

मी इथे क्षणभर थांबतो. भुकेने गाव सोडलेल्या माणसाबद्दल माझ्या मनात फक्त माया आहे. त्या नागानोच्या शेतकऱ्याबद्दलसुद्धा. पण दुसऱ्याची चूल विझवून पेटवलेली चूल ही स्थलांतराची गोष्ट होऊ शकत नाही. तो कब्जा होता आणि त्याला कब्जाच म्हटलं पाहिजे. जपानच्या बाजूने पाहायचं ठरवलं, तरी हे माप सैल करायची माझी तयारी नाही.

वर्धा. ४ ऑक्टोबर १९३३ या दिवशी निचिदात्सु फुजी नावाचे अठ्ठेचाळीस वर्षांचे जपानी भिक्खू इथे गांधीजींना भेटले. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा छोटासा मंत्र ढोलाच्या ठोक्यावर म्हणत चालत राहणं, ही त्यांची साधना. बौद्ध धर्म भारतातून जपानला आला, तो भारताला परत द्यायचा, या ध्यासाने ते आले होते. आश्रमात त्यांना 'गुरुजी' म्हणू लागले. तुम्ही त्यांच्या मंडळींत मिसळता.

पण तुम्ही चुकीच्या वर्षी आलात. वर्धा हे कापसाचं गाव, आणि कापसाच्या गावात यंदा जपान्याकडे लोक तिरकं पाहतात. जूनमध्ये इंग्रज सरकारने ब्रिटनबाहेरून येणाऱ्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. त्यावर जपानच्या गिरणीवाल्यांनी भारताचा कापूस घेणंच बंद केलं. बैलगाडीत कापूस भरून बाजारात आलेल्या कास्तकाराला ओसाका कुठे आहे ते माहीत नाही. भाव पडलाय एवढंच माहीत आहे. जानेवारी १९३४ मध्ये करार होईल. जपानने १५ लाख गाठी कापूस घेतला तर त्याला ४० कोटी वार कापड भारतात विकता येईल, आणि जकात ५० टक्क्यांवर येईल. तोवर तुम्ही बाजारातून ढोल वाजवत जाता तेव्हा अडत्याच्या ओट्यावरची माणसं बोलायची थांबतात. दोन सरकारांचं भांडण तुमच्या पाठीवर चिकटवलेलं असतं. तुम्हाला ते दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं.

पाच वर्षं पुढे या. १ सप्टेंबर १९३८. जपानने चीनवर उघड युद्ध लादल्याला वर्ष उलटलंय, नानकिंगमधल्या कत्तलीच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्यात. आज मुंबईच्या गोदीतून पाच भारतीय डॉक्टर चिनी जखमींच्या शुश्रूषेला निघाले. मदन अटल, देबेश मुखर्जी, विजयकुमार बसू, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि आपल्या नागपूरचे मोरेश्वर चोळकर. नागपूर तुमच्यापासून पन्नास मैलांवर. तुमच्या देशाच्या फौजेने केलेल्या जखमा शिवायला शेजारच्या गावचा डॉक्टर गेलाय, आणि तुम्ही इथे शांतीचा मंत्र म्हणत फिरताय. त्या दिवशी तुमचा ढोल नीट वाजत नाही. कोटणीस परत येणार नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच जातील.

१९३८ मध्येच योने नोगुची या जपानी कवीने रवींद्रनाथांना पत्र लिहून हे युद्ध आशियाच्या भल्यासाठी आहे असं पटवायचा प्रयत्न केला. रवींद्रनाथांनी ते साफ नाकारलं, आणि जपानी माणसांवरचं आपलं प्रेमही लपवलं नाही. दोन्ही एका पत्रात मावतं, हे तेव्हा फार थोड्यांना जमलं.

आता तुम्हाला जिथे जास्त वेळ उभं राहायचंय तिथे आणतो.

सेवाग्राम, डिसेंबर १९४१. पहाटेची थंडी. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात कंदिलाचा पिवळा गोल. फुजी गुरुजींच्या मंडळींपैकी एक भिक्खू इथलाच होऊन राहिलाय. दिलेलं काम चुकवत नाही, चिडत नाही, सकाळ-संध्याकाळ ढोल वाजवत फिरतो. आश्रमातली माणसं त्या ठोक्यावर वेळ ओळखतात. पर्ल हार्बरवर बाँब पडले, जपान आणि ब्रिटन शत्रू झाले, आणि शत्रूचा नागरिक म्हणून त्याला न्यायला पोलीस आलेत.

तुम्ही त्याच्या मागे, कुडाच्या सावलीत उभे आहात. पोलिसांनी घाई केली तरी तो बापूंचा निरोप घेतल्याशिवाय निघत नाही. मंत्र म्हणतो. ढोल बापूंकडे सोपवतो. तू जातोस, पण तुझा मंत्र आमच्या रोजच्या प्रार्थनेत राहील, अशा अर्थाचं बापू त्याला सांगतात. मग फुफाट्यातून बुटांचे आणि अनवाणी पायांचे ठसे फाटकापर्यंत जातात.

या माणसाने काय केलं होतं? मुकदेनचा स्फोट त्याने केला नव्हता, पर्ल हार्बरला तो नव्हता. युद्धकाळात सरकारला सावध राहावं लागतं, हे मी नाकारत नाही. पण सावधपणाची यादी पासपोर्टवरून तयार झाली की त्या यादीत हाच माणूस पहिला सापडतो, कारण तो लपत नाही, रोज ढोल वाजवतो.

या यादीत पुढची नावं पाहायची असतील तर दिल्लीचा पुराना किल्ला पाहा. मलाया-सिंगापूरहून पकडून आणलेले दोन हजारांहून जास्त जपानी तिथे तंबूंत ठेवलेत. न्हावी, छायाचित्रकार, कोळी, दुकानदार, त्यांच्या बायका, अंगावर पिणारी मुलं. ज्या गावात वीस वर्षं लोकांच्या हजामती केल्या, त्या गावाने एका सकाळी त्यांना परकं ठरवलं. पुढे त्यांना राजस्थानात देवळीला हलवलं. याच देवळीच्या छावणीत १९६२ च्या युद्धानंतर आपल्या स्वतंत्र सरकारने भारतात जन्मलेल्या चिनी वंशाच्या माणसांना डांबलं. त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. बोलायला हवं.

१८ जुलै १९४२. सेवाग्रामच्या त्याच कुटीत गांधीजी प्रत्येक जपान्याला उद्देशून पत्र लिहितात. तुम्ही जपानी आहात, म्हणजे ते पत्र तुम्हालाच आहे. चीनवर तुम्ही केलेला हल्ला त्यांना सलतो, ते तसं स्वच्छ लिहितात. भारतात शिरलात तर स्वागत होईल या भ्रमात राहू नका, आम्ही पूर्ण ताकदीने विरोध करू, असंही बजावतात. आणि त्याच पत्रात ते त्या भिक्खूची आठवण काढतात, त्याची शांत वृत्ती सांगतात, त्याला नेल्याचं दुःख सांगतात. तुम्ही पत्र वाचता आणि तुम्हाला शरम वाटते, पण एकटं वाटत नाही. शत्रू म्हणून इतक्या आपुलकीने तुम्हाला आजवर कुणी बोललं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात 'चले जाव'. तुमसरला मोर्चावर गोळीबार होतो, पोरं पडतात. जिथून गाडी सुटल्यावर तुम्हाला चणे मिळाले होते, त्याच भागात. मँगनीजच्या वाघिणी धावतच असतात, आता इंग्रजांच्या युद्धासाठी.

आणि तुमचा भाऊ? ९ ऑगस्ट १९४५ ला रशियन फौजा मांचुरियात उतरल्या तेव्हा जपानी लष्कराने शेतकऱ्यांना मागे टाकून माघार घेतली. गेलेल्या सुमारे २ लाख ७० हजार शेतकऱ्यांपैकी जवळजवळ ८० हजार उपासमारीने, रोगाने, हल्ल्यांत आणि सामुदायिक आत्महत्यांत मेले. पळता पळता आयांनी लेकरं चिनी शेतकऱ्यांच्या दारात ठेवली. ज्यांच्या जमिनी हिसकावल्या होत्या त्यांच्यातल्याच कितीतरी जणांनी ती वाढवली. १९८० नंतर ही मुलं, तेव्हा चाळिशीची, नातेवाईक शोधायला जपानला येऊ लागली. जपानी बोलता येत नव्हतं. जपानमध्ये त्यांना 'चिनी' म्हणत, चीनमध्ये 'जपानी भूत' म्हणत. या माणसांसाठी परदेश कोणता, हे मला अजून सांगता येत नाही.

एक मुक्काम हसरा आहे, तोही घ्या. १९५३. सरकारने भातशेतीच्या 'जपानी पद्धती'चा प्रचार हाती घेतलाय. भंडाऱ्याच्या बांधीत दोरी ताणली आहे आणि रोवणाऱ्या बाया तिच्या रेषेत परे लावताहेत. आवत्या फेकायच्या सवयीच्या म्हाताऱ्याला हे थोतांड वाटतं. "दोरीनं का धान पिकते जी?" तो धुऱ्यावरून ओरडतो. तुम्ही, या वेळी अदृश्य, त्याच्याशेजारी उभे आहात आणि तुमच्या आईची कंबर त्या बायांच्या कंबरेत पाहताय. आठ वर्षांपूर्वी 'जपानी' हा शब्द या देशात बाँब आणि ब्लॅकआउटबरोबर यायचा. आता तो रोवण्याबरोबर येतो.

फुजी गुरुजींचा जन्म १८८५ मधला, ६ ऑगस्टचा. त्यांच्या साठाव्या वाढदिवशी हिरोशिमा जळलं. संपूर्ण अहिंसेचा रस्ता त्यांनी धरला तो त्यानंतर. १९५४ ला कुमामोतोत त्यांचा पहिला शांतिस्तूप उभा राहिला, १९६९ ला राजगीरला. वर्ध्याचा १९९३ मधला, त्यांच्या पश्चात.

राजगीरच्या कामावर असलेला ओकायामाकडचा एक तरुण भिक्खू १९६७ च्या सुमारास नागपूरला उतरतो. शुरेई ससाई. युद्ध संपलं तेव्हा दहा वर्षांचा होता. बौद्ध आचार्य नागार्जुनाने दृष्टांत देऊन नागपूरला जा म्हटलं, असं ते सांगतात. आता त्यांच्या देहात शिरा. इंदोऱ्याची वस्ती, पत्र्याची घरं, उन्हाळ्यात ४५ अंश. तुम्हाला ना हिंदी येते ना मराठी. दीक्षाभूमीवर १९५६ ला ज्यांनी धम्म घेतला त्या माणसांना बुद्ध हवा आहे आणि तुमच्याकडे ढोल आहे. सुरुवातीला पोरं मागे धावतात. मग बाया ताटलीत भात आणि आंबील ठेवू लागतात. वस्तीतलं कुणी आजारी पडलं की तुम्हाला बोलावतात. वीस वर्षं जातात. तुमची मराठी-हिंदी जपानी वळणाची असते, पण भांडणात दोन्ही बाजू तुमचं ऐकतात.

आणि १९८७ ला कागद संपतो. व्हिसाची मुदत उलटली म्हणून अटक होते.

आता पाहा काय होतं ते. वस्ती रस्त्यावर येते. सह्यांच्या मोहिमा निघतात, कागदांवर लाखो सह्या आणि अंगठे पडतात. हा आमचा आहे, याला पाठवू नका. ज्यांना स्वतःच्या गावात शतकानुशतकं परकं ठेवलं, विहिरीवर येऊ दिलं नाही, ती माणसं एका परदेशी माणसाच्या नागरिकत्वासाठी लढत आहेत. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने ते दिलं. नवं नाव, आर्य नागार्जुन. सेवाग्रामच्या भिक्खूसाठी १९४१ मध्ये बापूंच्या शब्दापलीकडे काही करता आलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांनी त्याच विदर्भाने एक जपानी भिक्खू सोडवून आणला. माझ्या लेखी ही आपल्या भागाने केलेली फार मोठी गोष्ट आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, २२ एप्रिल १९८८ ला, राजीव गांधींनीच वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसवली. पवनी तालुक्यातल्या कितीतरी गावांनी नंतर आपली देवळं, आपले पार, आपल्या बांध्या पाण्याखाली जाताना पाहिल्या आणि पुनर्वसनाच्या प्लॉटवर नवे शेजारी मिळवले. गाव सुटणं म्हणजे काय, हे या तालुक्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पवनीलाच शेवटी उतरा. तटाच्या आत जुनं गाव, घाटाच्या पायऱ्या, खाली वैनगंगा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या देखरेखीखाली खणलं तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटात भला मोठा स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. याच पवनीत एका दगडी खांबावर महाक्षत्रप रूपीअम्म याचं नाव कोरलेलं सापडलं. क्षत्रप म्हणजे शक, मध्य आशियातून आलेले. त्यांना इथे येताना कुणी कागद मागितला असेल का, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. तलवार घेऊन आलेल्यांना कागद कोण मागणार.

पवनीच्या जवळच सिंदपुरी-रुयाळला पांढरा महासमाधीभूमी स्तूप आहे. तो भदंत संघरत्न माणके यांच्या पञ्ञा मेत्ता संघाने उभा केला. हा विदर्भाचा मुलगा लहानपणीच जपानला गेला, हिएई पर्वतावर तेंदाई पंथात घडला आणि परत आला. जपानी माणसांची मदत त्याच्यामागे आली. फेब्रुवारीच्या मेळाव्यात धानाच्या गावातल्या बाया आणि क्योतोकडचे भिक्खू एका मांडवात बसतात. इथे तुम्ही जपानी देह उतरवून ठेवा. तुमचे डोळे तुम्हाला परत.

आता अलीकडच्या काळात या. जपानमध्ये २०२४ मध्ये सात लाखांहून कमी मुलं जन्मली. शेतात म्हातारे, दवाखान्यात म्हातारे. परदेशी रहिवासी त्या वर्षाअखेर ३७ लाखांवर गेले, लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यानेही तिथे धास्ती पसरली. जुलै २०२५ च्या निवडणुकीत 'जपानी प्रथम' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने वरिष्ठ सभागृहात १४ जागा मिळवल्या. महिन्याभराने, ऑगस्टच्या शेवटी, भारत आणि जपानने ठरवलं की पाच वर्षांत पाच लाख माणसांची ये-जा व्हावी, त्यात ५० हजार कुशल भारतीय जपानला जावेत. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम. वरठीजवळच्या सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यात जपानच्या दाइदो स्टीलचं भांडवल आहेच. एकेकाळी इथून दगड जात होता, आता पोरं निघतील. टोकियोच्या एदोगावा प्रभागात योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस २०१९ मध्ये निवडून आला, तेव्हा दार अगदीच बंद आहे असंही नाही.

तुमच्या घरातलं कुणी जपानी भाषेच्या परीक्षेचा अभ्यास करत असेल, तर त्याला कांजी लिपीबरोबर एवढंही सांगा. नागानोतही एके काळी असेच शेतकरी होते आणि त्यांनाही गाव सोडावं लागलं होतं. तिथली म्हातारी बाई तुझ्याकडे संशयाने पाहील तेव्हा तिच्या माहेरचं कुणी मांचुरियात राहिलं असेल. आणि आपल्या भंडाऱ्यात, नागपुरात कुणी वेगळ्या चेहऱ्याचा माणूस कामाला आला, ईशान्येकडचा, नेपाळचा, आणखी कुठला, तर त्याला आधी चणे पुढे करा, मग गाव विचारा.

सेवाग्रामला कधी संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊन बसा. तिची सुरुवात आजही त्या भिक्खूने मागे ठेवलेल्या जपानी मंत्राने होते.